ध्रुवापासून ध्रुवापर्यंत : बिनतारी संदेशक एर्न्स्ट क्रेंकेल

१२ जानेवारी १९३०. उत्तर ध्रुवापासून जेमतेम हजार-अकराशे किलोमीटरवरच्या फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहातील हूकर बेटावर ऑक्टोबरात मावळलेला सूर्य अजून उगवलेला नव्हता आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत तो उगवणारही नव्हता. बेटावरच्या तिखाया उपसागराच्या काठी सोव्हिएत संशोधकांनी काही महिन्यांपूर्वीच एक ठाणे उभारले होते. मूठभर माणसे तिथे हिवाळा काढीत होती. त्यांतला एक सव्वीस वर्षांचा तरुण कानांवर हेडफोन चढवून लघुलहरींच्या यंत्रापुढे बसला आणि त्याने मोर्सच्या कळीवर सर्वसाधारण हाक दिली. बिनतारी जगात या हाकेला सीक्यू म्हणतात. जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे, एवढाच तिचा अर्थ. उत्तर आले. उत्तर देणाऱ्याने आपला ठावठिकाणा सांगितला तेव्हा ते ठाणे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण ध्रुवप्रदेशातील रॉस हिमपठाराच्या कडेला असल्याचे कळले. अमेरिकी दर्यावर्दी आणि वैमानिक रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेचा तो तळ होता. त्याचे नाव लिटल अमेरिका. मधले अंतर सुमारे वीस हजार किलोमीटर. पृथ्वीच्या पाठीवर दोन ठिकाणांमध्ये याहून फारसे अधिक अंतर असूच शकत नाही.

त्या तरुणाचे नाव एर्न्स्ट तिओदोरोविच क्रेंकेल. रशियात एके काळी शाळकरी मुलांनाही हे नाव पाठ होते. आपल्याकडे ते फारसे कोणी ऐकलेले नाही. वास्तविक ध्रुवप्रदेशाशी गोमंतकाचा संबंध इतका जवळचा आहे की, हे चरित्र इथल्या वाचकाला परके वाटू नये. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली, आणि आज त्या सर्व मोहिमांचा कारभार वास्को येथील हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आपल्या ‘मैत्री’ ठाण्याच्या शेजारी, काही किलोमीटरवर, रशियनांचे नोवोलाझारेव्हस्काया हे ठाणे आहे. तिथपर्यंत पोचणाऱ्या संदेशाची परंपरा ज्या थोड्या माणसांनी घातली त्यांत क्रेंकेल यांचे स्थान फार वरचे आहे.

क्रेंकेल यांचा जन्म २४ डिसेंबर १९०३ रोजी बियालिस्तोक या तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या, आज पोलंडमध्ये असलेल्या गावी झाला. घराणे मूळचे जर्मन वंशाचे, वडील शिक्षक. कुटुंब पुढे मॉस्कोला आले. क्रांती आणि यादवी युद्धाच्या काळात पोरगेल्या वयाच्या एर्न्स्टला शिक्षण बाजूला ठेवून पडेल ते काम करावे लागले. पार्सले बांधणे, भिंतींवर जाहिराती चिकटवणे, वीज दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली राबणे अशी ती कामे होती. १९२१ मध्ये त्यांनी रेडिओ-तारायंत्रचालकांच्या वर्गात नाव घातले. वर्ग संपल्यावर मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी येथील ग्राहक केंद्रावर नोकरी लागली. डोळ्यांपुढे मात्र समुद्र होता. जहाजावर काम मिळावे म्हणून ते १९२४ मध्ये लेनिनग्राडला गेले आणि मिळाली ती नोवाया झेमल्या बेटांवरील मातोच्किन शार वेधशाळेची नोकरी. बर्फाशी जुळलेला त्यांचा संबंध त्यानंतर सुटला नाही.

इथे थोडे थांबून, त्या काळी बिनतारी संदेशांची स्थिती काय होती हे पाहिले पाहिजे. त्यावाचून क्रेंकेल यांनी काय साधले ते कळणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी तज्ज्ञांचा असा ठाम समज होता की, संदेश जितका दूर न्यायचा तितकी लहर लांब हवी. हजारो मीटर लांबीच्या लहरी, त्यांना साजेसे प्रचंड मनोरे आणि कारखान्याला पुरेल एवढी वीज असा सारा थाट सरकारांकडे व मोठ्या कंपन्यांकडेच होता. १९१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरींकडे पिटाळले. त्या निरुपयोगी आहेत, तिथे ही मंडळी खेळत बसतील आणि महत्त्वाच्या कामात लुडबुड करणार नाहीत, असा हिशेब त्यामागे होता. हा हिशेब इतका चुकला की, इतिहासात त्याला तोड सापडणे कठीण. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लिओं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल या दोन हौशींनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिकपार संभाषण केले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गोयडर हा विद्यार्थी न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी बोलला. हाच गोयडर पुढे भारतात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. आपल्या आकाशवाणीची पहिली मोठी केंद्रे उभी राहिली ती याच्या देखरेखीखाली, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे.

मोठ्या यंत्रांना जे जड जात होते ते एका शाळकरी पोराला कसे जमले, याचे उत्तर आकाशात आहे. पृथ्वीभोवती साठ-सत्तर किलोमीटरपासून काहीशे किलोमीटर उंचीपर्यंत हवेचे विरळ थर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेले असतात. त्याला आयनांबर म्हणतात. आखूड लहरी वरच्या थरावर आपटून परत जमिनीकडे वळतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात, आणि अशा टप्प्याटप्प्याने सारा गोल पालथा घालतात. सर्वांत खालचा थर मात्र दिवसा जागा असतो व आपल्यातून जाणाऱ्या लहरींची शक्ती शोषून घेतो. लहर जितकी लांब तितका त्याचा हा त्रास मध्यमलहरींपर्यंत वाढत जातो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि मार्ग मोकळा होतो.

खानापूर तालुक्यातल्या नंदगडात ज्यांनी जुना रेडिओ ऐकला आहे त्यांना हे शास्त्र कुणी शिकवावे लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी दिवसा धारवाड आणि पणजी एवढीच केंद्रे सरळ लागत. रात्री जेवणे आटोपल्यावर आजोबा तोच काटा तसूतसूने फिरवीत, आणि ज्या जागी दिवसभर नुसती खरखर असे तिथून चेन्नईची तमिळ गाणी, हैदराबादच्या बातम्या, कधी न समजणारी एखादी परकी भाषा वर येई. पहाट झाली की ही पाहुणे मंडळी एकेक करून निघून जात. काटा फार हळू फिरवायचा आणि खरखरीलाच कान द्यायचा, एवढी एकच युक्ती त्यात होती. क्रेंकेल यांच्या धंद्यातली मोठी विद्या म्हणजे हीच युक्ती, फक्त उणे चाळीस अंशांत.

ध्रुवप्रदेशाचा प्रश्न आणखी बिकट असतो. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे ओढले जातात. त्यांच्यामुळे आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे-तांबडे पडदे हलताना दिसतात आणि त्याच वेळी आयनांबरात अशी खळबळ माजते की, लघुलहरी कधी तासभर, कधी दिवसच्या दिवस गडप होतात. अशा वेळी दीर्घलहरी अधिक भरवशाच्या ठरतात. पण त्यांना लांबच लांब एरियल आणि भरपूर वीज लागते, आणि ध्रुवावरच्या तंबूत या दोन्ही वस्तूंचा दुष्काळ असतो. त्यामुळे १९२० च्या दशकात आर्क्टिक ठाण्यांवर लघुलहरी वापराव्यात की नाही हा खरोखरीचा वादाचा विषय होता. १९२७-२८ चा हिवाळा क्रेंकेल यांनी पुन्हा मातोच्किन शारला काढला तो लघुलहरींचे यंत्र बरोबर घेऊनच. वरिष्ठांना या नव्या खुळाचे फारसे कौतुक नव्हते. यंत्र चालले, आणि सोव्हिएत आर्क्टिकमध्ये लघुलहरींचा पाया पडला.

त्याच १९२८ च्या उन्हाळ्यात साऱ्या जगाला या खुळाची किंमत समजली. इटलीच्या उंबेर्तो नोबिले यांचे ‘इतालिया’ हे हवाई जहाज मे महिन्यात उत्तर ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळले. वाचलेल्यांपाशी एक लहानसे लघुलहरी यंत्र होते. त्यांची हाक शोधपथकांतल्या जहाजांना ऐकू आली नाही. ती ३ जून रोजी ऐकली रशियातल्या वोझनेसेन्ये-वोख्मा नावाच्या खेड्यात निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने, स्वतः जुळवलेल्या यंत्रावर. त्याच्या तारेमुळे शोधाला दिशा मिळाली आणि ‘क्रासिन’ या बर्फफोड्या जहाजाने वाचलेल्यांना बाहेर काढले. या निकोलाय श्मिटचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. ज्याने परक्या देशाच्या माणसांचे प्राण वाचवले त्याला त्याच्याच देशाच्या राजवटीने १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. बिनतारी यंत्र, परदेशी ओळखी आणि जर्मन आडनाव ही त्या काळी जिवावर बेतणारी सामग्री होती, आणि क्रेंकेल यांच्यापाशी या तिन्ही गोष्टी होत्या हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१२ जानेवारी १९३० चे संभाषण या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण उठून दिसते. एका टोकाला अखंड रात्र, दुसऱ्या टोकाला न मावळणारा सूर्य. एकीकडे सोव्हिएत युनियन, दुसरीकडे त्या देशाला अद्याप मान्यताही न दिलेली अमेरिका. या दोन देशांत राजनैतिक संबंध जुळायला १९३३ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. लिटल अमेरिकेवर त्या वर्षी बेचाळीस माणसांनी हिवाळा काढला होता आणि नोव्हेंबर १९२९ च्या अखेरीस बर्ड यांनी दक्षिण ध्रुवावरून विमान नेले होते. त्या तळावरच्या बिनतारी तज्ज्ञांत लॉइड बर्कनर हा तरुण हौशीही होता. याच बर्कनरने पुढे १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाची कल्पना मांडली. १९५७-५८ मध्ये ते वर्ष साजरे झाले आणि अंटार्क्टिकावर कायमच्या संशोधन ठाण्यांचे युग सुरू झाले. दोन ध्रुवांवरचे हे दोन चालक एकमेकांशी बोलले ते बिनतारी जगाच्या संक्षिप्त सांकेतिक भाषेत. कोण, कुठे, किती माणसे, हवा कशी, असे ते साधे बोलणे होते. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या त्या संदेशाला वीस हजार किलोमीटर तोडायला सेकंदाचा पंधरावा भागच लागत होता. इतक्या अंतराचा हा विक्रम पुढे दीर्घकाळ सांगितला गेला.

पुढची काही वर्षे क्रेंकेल यांची सतत धावपळीची. जुलै १९३१ मध्ये जर्मनीच्या ‘ग्राफ झेपेलिन’ या हवाई जहाजाने आर्क्टिकवरून वैज्ञानिक उड्डाण केले. त्यात रशियाचे बिनतारी संदेशक म्हणून ते होते. उड्डाणाच्या शास्त्रीय बाजूचे प्रमुख होते रुडॉल्फ सामोयलोविच, ‘क्रासिन’च्या मदत मोहिमेचेही नेते. १९३२ मध्ये ‘सिबिर्याकोव्ह’ जहाजाने उत्तरेचा समुद्री मार्ग प्रथमच एका मोसमात पार केला, आणि तोही शेवटी मोडलेल्या पंख्यानिशी, ताडपत्र्यांची शिडे लावून. त्याही जहाजाच्या बिनतारी खोलीत क्रेंकेलच होते.

आणि मग आले ‘चेल्युस्किन’.

हे एक साधे आगबोटवजा मालवाहू जहाज. बर्फ फोडणारे नव्हे. अशा जहाजानेही उत्तरेचा मार्ग एका मोसमात जाता येतो हे सिद्ध करायचे होते. १९३३ च्या उन्हाळ्यात ओटो श्मिट यांच्या नेतृत्वाखाली ते निघाले. वाटेत कारा समुद्रात एका बाईला मुलगी झाली, तिचे नाव त्या समुद्रावरून करीना ठेवण्यात आले. नोव्हेंबरात जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत, म्हणजे जवळजवळ उंबरठ्यापर्यंत पोचले आणि तिथेच बर्फात अडकून उलट वाहत निघाले. मोहिमेमागे राजकीय हट्ट किती आणि शास्त्रीय गरज किती, असा प्रश्न आज वाचताना पडतो. १३ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्फाच्या दाबाने जहाजाची कूस फाटली आणि दोन-अडीच तासांत ते बुडाले. एक माणूस दगावला. एकशे चार माणसे, त्यांत दहा बायका आणि करीनासह दोन लहान मुली, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर उतरली.

जहाज बुडत असताना क्रेंकेल यांनी आपले यंत्र, बॅटऱ्या व एरियलची तार बर्फावर काढली. कमी शक्तीचे ते यंत्र. वाऱ्यात कशीबशी काठी रोवली, तंबू ठोकला, गोठलेल्या उघड्या बोटांनी तारा जोडल्या. हातमोजे घालून ही कामे होत नाहीत आणि त्या थंडीत उघड्या कातडीला धातू चिकटतो. प्रथम त्यांना इतरांचे संदेश ऐकू येत होते. त्यांची हाक मात्र कुणाला ऐकू जात नव्हती. ही अवस्था किती भयंकर असेल याची कल्पना करावी. किनाऱ्यावरचे जग आपल्याला शोधत आहे हे कानांनी कळते आणि आपण इथे आहोत एवढे सांगता येत नाही. आशियाच्या ईशान्य टोकावरच्या उएलेन ठाण्यावर लुद्मिला श्राडेर ही तरुण संदेशक कान लावून बसली होती. अखेर तिला ती क्षीण हाक सापडली आणि १४ तारखेला श्मिट यांचा पहिला अहवाल किनाऱ्यावर पोचला.

त्यानंतरचे दोन महिने त्या छावणीचा जीव बॅटरीतल्या विजेच्या साठ्यावर टांगलेला होता. मनात आले आणि बोलले असे करता येत नव्हते. वेळा ठरलेल्या, त्या वेळी यंत्र सुरू, काम संपताच बंद. विमान निघाले की हवामान सांगायचे, तडकलेली धावपट्टी नव्याने कुठे केली ते सांगायचे. बर्फ वारंवार फुटत होता आणि माणसे फावड्या-कुदळींनी वारंवार नवी धावपट्टी सपाट करीत होती. ५ मार्च रोजी वैमानिक ल्यापिदेव्हस्की अनेक फसलेल्या उड्डाणांनंतर उतरू शकले आणि बायका व मुली बाहेर गेल्या. उरलेल्यांना एप्रिलमध्ये काढण्यात आले. १३ एप्रिलला शेवटचे सहा जण निघाले, त्यांत जहाजाचे कप्तान व्लादिमिर वोरोनिन होते आणि क्रेंकेल होते. संदेशकाला शेवटपर्यंत थांबावेच लागते. त्याने आधी यंत्र गुंडाळले तर मागे राहिलेल्यांचा जगाशी संबंध तुटतो. सुटकेनंतर सात वैमानिकांना ‘सोव्हिएत युनियनचा वीर’ हा तेव्हा नव्यानेच निर्माण केलेला किताब देण्यात आला. त्या पहिल्या यादीत संदेशकाचे नाव नव्हते. विमाने डोळ्यांना दिसतात आणि बिनतारी दिसत नाही, याला इलाज नाही.

आपल्या सीमाभागालाही रानातल्या लहानशा ट्रान्समीटरवर किती गोष्टी अवलंबून असू शकतात याचा अनुभव आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या व पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र डिसेंबर १९६१ पर्यंत चालवले. तिथे बर्फ नव्हता, पाऊस आणि जळवा होत्या. पण एकाकीपणाची जात तीच होती.

‘चेल्युस्किन’ची बिनतारी ओळख, म्हणजे तिचे हाकचिन्ह, आर-ए-ई-एम अशी चार अक्षरांची होती. मोर्समध्ये ती डिट-डा-डिट, डिट-डा, डिट, डा-डा अशी वाजते. हे नाद दोन महिने साऱ्या जगाने कान देऊन ऐकले होते. त्यांचा पुढे उल्लेख येणार आहे.

२१ मे १९३७ रोजी चार माणसे आणि वेस्योली नावाचा एक कुत्रा यांना विमानाने उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाच्या तुकड्यावर आणण्यात आले. नेते इव्हान पापानिन, सागरशास्त्रज्ञ प्योतर शिर्शोव्ह, भूचुंबकतज्ज्ञ येव्हगेनी फ्योदोरोव्ह आणि संदेशक क्रेंकेल. जगातले हे पहिले तरंगते ध्रुवीय संशोधन ठाणे. विजेसाठी पवनचक्की होती; वारा पडला की हाताने फिरवायचे जनित्र. ध्रुवावर मोठे यंत्र नेणे अशक्य, म्हणून हलके यंत्र मुद्दाम तयार करून घेतले होते. दिवसातून चार वेळा हवामानाचा अहवाल जात असे. त्या जूनमध्ये व्हालेरी च्कालोव्ह आणि जुलैत मिखाईल ग्रोमोव्ह यांनी मॉस्कोहून ध्रुवावरून थेट अमेरिकेपर्यंत उड्डाणे केली तेव्हा त्यांना या ठाण्याच्या हवामान वार्तांचा आधार होता. ऑगस्टमध्ये सिगिझमुंड लेव्हानेव्हस्की यांचे विमान त्याच मार्गावर बेपत्ता झाले. क्रेंकेल झोप बाजूला ठेवून त्यांच्या हाकेसाठी कान देत राहिले. ती हाक कधीच आली नाही.

कामाचे अहवाल संपले की ते हौशींच्या लहरींवर येत. ठाण्याचे हाकचिन्ह यू-पोल. एखाद्या दूरच्या गावातल्या हौशीला आपल्या घरातल्या टेबलावर अचानक उत्तर ध्रुव लागावा, हा त्या काळचा केवढा मोठा योग! ध्रुवीय ठाण्याशी संपर्क साधण्याची जी आस जगभरच्या हौशींना आजही असते तिचा उगम इथे शोधता येतो. फरक एवढाच की, आता काही जण मुद्दाम उलट्या वाटेने जाऊन दीर्घलहरींवर हा खेळ खेळतात. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशींना १३६ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा दिला. त्यातल्या लहरी सुमारे बावीसशे मीटर लांबीच्या असतात. रीतसर एरियल उभारायचे तर पाचशे मीटरहून उंच मनोरा हवा. परवानगी मात्र जेमतेम एक वॅट प्रक्षेपित शक्तीची. वास्को किंवा नंदगडपासून ‘मैत्री’ सरळ रेषेत साडेदहा हजार किलोमीटरच्या पुढे आहे. एवढ्याशा शक्तीत असले अंतर गाठू पाहणाऱ्याला रात्ररात्र एकच शब्द अतिशय संथपणे पाठवीत बसावे लागते आणि पलीकडच्याला तो संगणकाच्या मदतीने खरखरीतून निवडावा लागतो.

पुन्हा बर्फाकडे वळू. पापानिन यांचा तुकडा कुणी अपेक्षिले नव्हते इतक्या वेगाने दक्षिणेकडे, ग्रीनलंडच्या समुद्रात वाहत गेला. १ फेब्रुवारी १९३८ च्या वादळात तो फुटला आणि तीनशे मीटर लांब, दोनशे मीटर रुंद एवढाच भाग त्यांच्या पायांखाली उरला. पुढे तोही फुटत गेला. त्यांना आणण्यासाठी निघण्याच्या तयारीतले ‘व्ही-६’ हे हवाई जहाज ६ फेब्रुवारी रोजी कंदालाक्शाजवळ डोंगराला धडकून त्यातल्या एकोणीस जणांपैकी तेरा मृत्युमुखी पडले. १९ फेब्रुवारीला ‘ताइमिर’ आणि ‘मुर्मान’ ही जहाजे बर्फापर्यंत पोचली. २७४ दिवस आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास संपला. या वेळी चौघांनाही वीराचा किताब मिळाला. क्रेंकेल यांना भूगोलशास्त्रातील डॉक्टरेट देण्यात आली.

मिरवणुका निघत होत्या आणि त्याच महिन्यांत माणसे नाहीशी होत होती. झेपेलिनवरचे त्यांचे प्रमुख सामोयलोविच यांना १९३८ मध्ये अटक झाली आणि १९३९ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. क्रेंकेल वाचले. लोकप्रियतेचे कवच त्यांच्या कामी आले असावे, असे मला वाटते. मात्र हे कवच अभेद्य नव्हते. युद्धापूर्वी व युद्धकाळात उत्तरेच्या मार्गाच्या प्रशासनात वरिष्ठ पदांवर राहिलेल्या या माणसाला १९४८ मध्ये तिथून दूर करण्यात आले आणि त्यांनी रेडिओच्या कारखान्यात काम धरले. पुढे हवामानशास्त्रीय उपकरणांच्या संशोधन संस्थेत ते रुजू झाले आणि अखेरच्या वर्षांत तिचे संचालक झाले. सोव्हिएत हौशी रेडिओ महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. पोस्टाच्या तिकिटांचाही त्यांना भारी षोक. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सोव्हिएत तिकीटसंग्राहक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष.

उतारवयात त्यांना एक असामान्य सवलत मिळाली. हौशींच्या हाकचिन्हात अक्षरांबरोबर एखादा अंक असतो. क्रेंकेल यांना मात्र बुडालेल्या ‘चेल्युस्किन’चीच चार अक्षरे वैयक्तिक हाकचिन्ह म्हणून वापरू देण्यात आली. मॉस्कोतल्या घरातून ते संध्याकाळी हौशी लहरींवर येत तेव्हा जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला जाणकार त्या चार नादांवरून पलीकडे कोण बसले आहे ते ओळखत असे.

एक गोष्ट राहून गेली होती. १९३० मध्ये ज्या खंडाशी ते बोलले तो त्यांनी पाहिलेला नव्हता. १९६८ मध्ये, वयाच्या पासष्टीला टेकल्यावर, ‘प्रोफेसर झुबोव्ह’ या संशोधन जहाजाच्या सफरीचे प्रमुख म्हणून ते अंटार्क्टिकाला गेले. बर्ड यांचे लिटल अमेरिका तोवर बर्फाखाली गाडले गेले होते, आणि त्याच किनाऱ्यांवर बारमाही ठाणी उभी होती, त्यांच्या एरियली आकाशात उभ्या होत्या.

८ डिसेंबर १९७१ रोजी मॉस्कोत क्रेंकेल यांचे निधन झाले. नोवोदेविची स्मशानभूमीत त्यांना दफन करण्यात आले. दुसऱ्या वर्षी फ्रान्झ जोसेफ लँडमधल्या हेस बेटावरच्या वेधशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. हूकर बेट आणि तिखाया उपसागर तिथून फार लांब नाही. रशियातले हौशी त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी डिसेंबरात मोर्सची एक स्पर्धा भरवतात. तिचे नाव आर-ए-ई-एम.